इवायाचं बी

माझ्या वडलांना, म्हणजे अण्णांना, बी जाळलेलं बघवत नसे. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका कंपनीत ते कामाला होते आणि मुदत संपलेली पाकिटं मागच्या खड्ड्यात जाळायची तिथं पद्धत होती. त्यातली फुलझाडांची पाकिटं अण्णा सुपरवायझरला विचारून वेगळी काढायचे आणि सायकलच्या पिशवीत घालून घरी आणायचे. त्यात चोरीचं काही नव्हतं हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे भलतंच धरून बसतील. सुपरवायझर हसायचा. म्हणायचा, "ने बाबा, पण उगवलं न्हाई तर आमच्याकडं यायचं न्हाई." अण्णा म्हणायचे, "साहेब, तारीख कागदाची संपली. बी काय कॅलेंडर बघून मरतंय का?" हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं की आम्हा दोघी बहिणींना ते पाठ झालं होतं. अण्णांनी तोंड उघडलं की आई भाकरी थापता थापता त्यांच्या आधीच म्हणून टाकायची, आणि अण्णा रागवायचे.

आमचं गाव जालन्यापासून सायकलच्या टप्प्यात होतं. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. उन्हाळ्यात तो पत्रा दुपारभर तडतडायचा आणि आम्ही बाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसायचो. पण त्या घराचं अंगण बघायला लोक थांबायचे, हे खरं. अण्णांची रीत सोपी होती. बी जुनं आहे ना, मग दाट टाकायचं. लोक जिथं चिमूटभर टाकतात तिथं हे अख्खं पाकीट ओतायचे. डालड्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडलेली झारी होती, तिनं आम्ही पाणी द्यायचो. त्या पाण्याचा मातीवर पडतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो. गुलमेंदी तर जुनी असली तरी यायची. झिनिया यायचा, कोंबडा यायचा. अॅस्टर मात्र कधीच आला नाही. अण्णा म्हणायचे, अॅस्टरला आपली माती मानवत नाही. आता माझ्या गच्चीवर मी दरवर्षी अॅस्टर लावते आणि तो छान येतो. बी ताजं असावं लागतं, एवढंच. अॅस्टरचं बी वर्षभरात जातं, झेंडूचं दोनेक वर्षं दम धरतं, गुलमेंदीचं म्हातारपणीही उगवतं. हे मला कोणी तेव्हा सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं का? कोण जाणे. अण्णांनी ऐकलं असतं असं वाटत नाही.

अण्णा त्या कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही नव्हतं. बाहेरगावी गेले की मात्र ते सांगायचे, "बियाण्याचं बघतो." यातही खोटं काही नव्हतं म्हणा, बियाण्याच्या गोण्या भरलेले ट्रक रात्रंदिवस तेच बघत होते. आई पदर तोंडाला लावून हसायची.

पाकिटं आली की अण्णा त्यांची वाटणी करायचे. साधी पाकिटं अंगणात. आणि ज्यांच्यावरचं चित्र लई झ्याक, केशरी गेंदेदार झेंडू, मुठीएवढं फूल, ती पाकिटं पत्र्याच्या ट्रंकेत. "ही रुक्मीच्या लग्नाला. इवायाला असा आहेर देतो की त्यानं जल्मभर नाव काढलं पायजे." व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात. रुक्मी म्हणजे माझी थोरली बहीण, रुक्माताई. तिचं लग्न ठरायच्या कितीतरी आधीपासून ती ट्रंक भरत होती. आई एकदा म्हणाली, "अहो, या पत्र्याखाली आपण उकडून निघून राह्यलो, त्या बियाचं काय व्हत असंल?" अण्णा म्हणाले, "ट्रंकेत थंड असतंय." चांगलं ते लेकीसाठी ठेवायचं, हीच आमच्या माणसांची रीत. मग जे सगळ्यांत चांगलं तेच सगळ्यांत जुनं झालं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ताईला दिलं कुंभार पिंपळगावला. मोठं गाव, मोठा बाजार, घर खाऊन-पिऊन सुखी, जमीन रस्त्याला लागून. तिच्या सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. उंच, कमी बोलणारे, कुणाला अरेतुरे न करणारे. सासूला ताई आत्याबाई म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. आत्याबाईंच्या जिभेला धार होती, पण हात सढळ होता. लग्नात अण्णांनी नवी टोपी घातली, पाकिटांनी भरलेली पिशवी आबांच्या हातात दिली आणि मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इवाई, आपण बियाण्याचं बघतो. यंदा देवीच्या माळेला फूल असं लागंल की बाजाराला आलेली माणसं थांबून बघतील." हे ऐकून आबांचा चेहरा उजळला, कारण त्या गावात नवरात्रातल्या पहिल्या माळेचा मान त्यांच्या घराचा होता. ती माळ आपल्याच रानातल्या फुलांची असली पाहिजे, विकतची चालत नाही, अशी चाल. आबांनी पिशवी कपाळाला लावली. मी करवली होते, नव्या परकराच्या तोऱ्यात होते, आणि मला अण्णांचा एवढा अभिमान वाटला की विचारू नका.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. ताई सासरी गेली आणि आबा आपण होऊन म्हणाले, धाकटीला इकडं पाठवा, इथं हायस्कूल आहे, रुक्मालाही करमेल. म्हणून जूनमध्ये मी माझी पेटी घेऊन ताईच्या सासरी राहायला गेले. दुसऱ्याच्या घरी जेवायचं म्हणजे जरा अवघडच, पण मला फार वाटलं नाही. आमच्या अण्णांनी एवढा मोठा आहेर दिलाय, मग मी काय फुकट खाऊन राह्यले का, असा माझा आतून हिशोब होता. आत्याबाईंच्या हातची येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालापिठाची, आमटी मी ताट पुसून खायची. आखाडात तिखट पुऱ्या तळल्या तेव्हा पहिली पुरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

त्या घरात पेरणीआधी मी पहिल्यांदा एक गोष्ट नीट बघितली. आबा कुठलंही बी रानात नेण्याआधी फडक्यात बांधून बघायचे. जुन्या धोतराचं फडकं ओलं करायचं, त्यावर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायची आणि रांजणाच्या गारव्याला ठेवून द्यायची. मग एका सकाळी गुंडाळी उलगडायची आणि किती दाण्यांना मोड आले ते बघायचं. ज्वारी असो, मूग असो, स्वतःच्या हातानं राखलेलं असो की भावानं दिलेलं. कमी उगवलं तर बी बदलायचं नाहीतर दाट पेरायचं. "मातीत टाकलं की मंग माणसाच्या हातात काय राह्यतंय?" म्हणायचे.

झेंडूची रोपं टाकायचा दिवस आला तेव्हा मी तिथंच ओसरीवर होते. आबांनी अण्णांची पिशवी खाली घेतली, एक पाकीट फोडलं, बी तळहातावर घेतलं. झेंडूचं बी काळ्या काडीसारखं असतं, एका टोकाला पांढरा तुरा. त्यांनी ते बोटानं फिरवलं, हात हलका करून बघितला, आणि खुंटीवरच्या फडक्याकडं हात नेला. आत्याबाई म्हणाल्या, "हे बी बांधायचं?" आबा थांबले. हात मागं घेतला. म्हणाले, "न्हाई. इवायाचं बी हाय. तपासायचं कशाला?" इवायानं दिलेलं तपासायचं म्हणजे त्याच्या शब्दावर संशय घेतल्यासारखं, आणि घरात त्याची लेक नांदतेय, तिच्या डोळ्यांदेखत ते कसं करणार? ताई दारात उभी होती. तिनं पदर सावरला आणि माझ्याकडं बघून हसली. आम्ही दोघी त्या दिवशी हवेत होतो.

रस्त्याकडेच्या रानात वाफे केले. शेणखत चाळून घातलं, मुंग्यांसाठी कडेनं राख फिरवली. शेजाऱ्याला आबांनी आपलं घरचं गावठी झेंडूचं बी देऊन टाकलं, आता ते ठेवून काय करायचं, म्हणाले. मी फार हुशार. कंपनीच्या रानात काडीला पाकीट लावतात असं अण्णांनी सांगितलं होतं, म्हणून मी प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी एक काडी रोवली आणि तिला रिकामं पाकीट अडकवलं, चित्र रस्त्याकडं करून. आबा म्हणाले, "लई झ्याक दिसतंय, बबे."

झेंडू उगवायला आठवडा लागत नाही. आठवडा गेला. मी शाळेत जाताना बघायची, येताना बघायची. काळी माती, वर पाण्यानं धरलेली पापडी, आणि काडीवर तो केशरी गेंदा. ताई म्हणाली मुंग्यांनी नेलं असेल. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, म्हणाले चिमण्यांनी. आबांनी उरलेली पाकिटं फोडून पुन्हा बी टाकलं, या वेळी वर गवत पसरलं. पुन्हा काही नाही. नाही म्हणायला कुठं कुठं एखादं रोप डोकं वर काढत होतं. आबांनी शेजाऱ्याकडं निरोप धाडला, त्याचं बी केव्हाच पेरून झालं होतं. आत्याबाईंनी मग सुरुवात केली. "कंपनीचं बी! चित्र तर बिलकुल खरं वाटतंय." कधी ताईला भांडी घासताना ऐकू जाईल असं, कधी मी जेवायला बसल्यावर. शिव्या नाहीत काही. पण घास गिळवेना. मी पोळी कमी वाढायला सांगू लागले. आमटी दुसऱ्यांदा घेईनाशी झाले, आणि आत्याबाईंच्या ते लक्षात आलं तेव्हा त्या आणखी चिडल्या. "खा की मुकाट! तुझ्या बापाचा राग तुझ्या ताटावर काढते का मी?"

बाजाराचा दिवस सगळ्यांत वाईट. सगळं शिवार त्याच रस्त्यानं बाजाराला जायचं. बैलगाडीतून, सायकलवरून लोक ओरडायचे, "आबा, चित्रालाच पाणी घाला, तेच फुलंल!" आबा हसून हात वर करायचे. मी काड्या काढून टाकते म्हटलं तर म्हणाले, "राहू दे. काढल्या की म्हणतील, लाज वाटली." आणि लाज तर वाटतच होती. मला स्वतःची वाटत होती, अण्णांची वाटत होती, ताईकडं बघायची वाटत होती. ताईनं माहेरी निरोप पाठवला नव्हता. काय पाठवणार? तुमचं बी उगवलं नाही असं नव्या सुनेनं बापाला कोणत्या तोंडानं कळवायचं?

म्हणून अण्णांना काहीच ठाऊक नव्हतं. ते आपण होऊन आले, बघायला. बाजाराचाच दिवस होता. मी मधल्या सुट्टीत जेवायला घरी निघाले होते आणि लांबूनच मला ती टोपी दिसली. लग्नातली, धुऊन कडक केलेली. जालन्याहून अंबडची गाडी, तिथून पुढची गाडी, असं करत आले होते, हातात आईनं दिलेल्या धपाट्यांची पिशवी. बाजाराच्या गर्दीबरोबर ते चालत होते आणि बरोबरच्या एका अनोळखी माणसाला काहीतरी हात हलवून सांगत होते. काय सांगत असणार हे मला चांगलंच माहीत होतं. मी पळत सुटले. मला वाटलं होतं, ते पोचायच्या आत काड्या उपटाव्या. पण मी कितीशी पळणार? मी पोचले तेव्हा अण्णा वाफ्यापाशी उभे होते. तो माणूस एकदा चित्राकडं, एकदा मातीकडं बघत म्हणाला, "हेच का ते?" आणि त्याच्या मागून जाणाऱ्या गाडीतले सगळे हसले.

अण्णा खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि नखानं माती उकरू लागले. एक बी सापडलं. त्यांनी ते दोन नखांत धरून दाबलं. भुगा झाला. दुसरं सापडलं, त्याचाही भुगा. पोचट. मी "अण्णा" म्हणून हाक मारली तर त्यांनी वर बघितलंच नाही. असं वाटत होतं की ते सगळं रान उकरूनच उठतील. मला त्यांचा हात धरून उठवावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी, खरं सांगते, हे माझे वडील आहेत हे त्या रस्त्यावरच्या लोकांना कळू नये असंही वाटत होतं. शेवटी आबाच घरातून आले. कुणीतरी सांगितलं असेल. त्यांनी अण्णांच्या गुडघ्यावरची टोपी उचलली, झटकली, त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "चला पाव्हणं, भाकरी खाऊ."

त्या दिवशी आत्याबाईंनी येसर केलं होतं. अण्णांना पाटावर बसवलं, आबा शेजारी बसले. ताई वाढत होती आणि तिच्या बांगड्यांचाच काय तो आवाज. अण्णांनी पहिला घास घेतला नाही. ताटाकडं बघत म्हणाले, "इवाई, मी कंपनीत बियाण्याचं बघत न्हाई. मी वॉचमन हाय. गेटवर. ते बी जाळायला काढलेलं व्हतं. मला वाटलं..." ताईचा पळीचा हात थांबला. आत्याबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आबा म्हणाले, "चूक माझी हाय पाव्हणं. मी शेतकरी माणूस. फडक्यात बांधून बघायचं माझं काम व्हतं. न्हाई बघितलं. जेवा, आमटी निवून राह्यली." अण्णा म्हणाले, "धाकटीला घेऊन जातो आज." आबांनी पहिल्यांदाच जरा आवाज चढवला. "बी उगवलं न्हाई म्हणून पोरीची शाळा सोडायची व्हय? ती कुठं जात न्हाई."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उलट बोलता येतं, भांडता येतं, निदान रडता येतं. त्या माणसाच्या चांगुलपणापुढं अण्णा नुसते बारीक होत गेले. ताटातलं सगळं खाल्लं त्यांनी, अन्न टाकायचं नसतं म्हणून. हात धुतला, ताईच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि गेले. त्यानंतर ते त्या घरी कधी गेले नाहीत. ताईच्या पहिल्या मुलाच्या बारशाला आई गेली. धोंड्याच्या जेवणाला दाजींना आमच्याच घरी बोलावलं. आबा वारले तेव्हा अण्णा गेल्ते, पण स्मशानात सगळ्यांच्या मागं उभे राहिले आणि तिथूनच गाडी धरून परत आल्ते. ताईला ते दिसलेही नाहीत. मीच नंतर सांगितलं.

माळेचं काय झालं तेही सांगते. जी मोजकी रोपं आली होती ती ताईनं उपटून न्हाणीच्या पाण्यावर लावली. रोज राख, रोज खुरपणं. दुसऱ्यांच्या रानात पिवळ्या रंगाचे ढीग पडत होते तेव्हा आमच्या झाडांना आंब्याच्या पानात गुंफायपुरती फुलं आली. माळ विरळ झाली. फूल, पानं, फूल, पानं. ती देवीच्या गळ्यात घालताना ताईची मान खाली होती आणि मी पार मागं, खांबाआड उभी होते. लोक बोलले असतील, मी ऐकलं नाही. पण नवरात्र उठल्यावर आत्याबाईंनी स्वतः ती वाळलेली माळ सोडवून घेतली, फुलं कुस्करली आणि बी काढून मडक्यात ठेवलं. "एवढ्या मेलेल्यातनं जे जगलं ते चिवट असतंय," म्हणाल्या. तेव्हापासून त्या घरी झेंडू तोच.

अण्णांनी मात्र पाकिटं आणणं बंद केलं. कंपनीत जाळायचा दिवस असला की घरी येऊन अंग धुवायचे आणि मुकाट पडून राहायचे. आणि एक नवंच लागलं त्यांना. घरात कुठलंही बी आलं की फडक्यात बांधायचं. मेथीचं, कोथिंबिरीचं, दुकानातून आणलेल्या बंद पाकिटातलंही. मोरीत, खिडकीत, दोरीवर, जिथं बघावं तिथं ओली फडकी. आई म्हणायची, "सगळं घर दवाखाना करून टाकलं." माझ्या मैत्रिणी आल्या की मी ती फडकी आधी गुपचूप उचलून ठेवायची. कुणी विचारलं असतं हे काय आहे, तर मी काय सांगणार होते?

आता अण्णा माझ्याकडं असतात, जालन्यात. आई गेली. मी नोकरीतून मोकळी झाले, गच्चीवर कुंड्या ठेवल्या आहेत. अण्णांना सगळ्याची आठवण राहत नाही. मला कधी आईच्या नावानं हाक मारतात, कधी कंपनीची शिफ्ट चुकली म्हणून घाईघाईनं उठतात. जल्दी कर, म्हणतात, डबा दे. मी डबा भरल्यासारखं करते.

मध्यंतरी ताई आली. तिचेही केस पांढरे झाले आहेत, सुना आल्या आहेत. तिनं पदरात बांधून माझ्या कुंड्यांसाठी झेंडूचं बी आणलं होतं. त्याच झेंडूचं. अण्णा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "फडकं ओलं कर." ताई म्हणाली, "अण्णा, माझ्या घरचं बी हाय. कशाला तपासायचं?" अण्णा उठून बसले. "तुझा सासरा बी असंच म्हणलाय म्हणं," म्हणाले. मीच कधीतरी सांगितलं असणार त्यांना, ओसरीवरचं ते बोलणं, आणि सगळं विसरणाऱ्या माणसानं नेमकं तेवढं जपून ठेवलं होतं. मी फडकं ओलं केलं. अण्णांनी बी ओळीनं मांडलं आणि गुंडाळी उशाशी ठेवली. ताईला त्यांनी जाऊच दिलं नाही, मोड येईपर्यंत थांब म्हणाले. ती थांबली.

मोड आले. फडकं उलगडलं तेव्हा ओळीच्या ओळी पांढऱ्या कोंबांनी भरल्या होत्या, एखादंच बी तसंच राहिलं असेल. अण्णांनी चष्मा मागितला. एकेका कोंबावरून बोट फिरवलं. "बराबर," म्हणाले. मग ती गुंडाळी पुन्हा नीट करून ताईच्या हातात दिली. "हे इवायाला दाखव. म्हणावं, उगवतंय." मी ताईकडं बघितलं. आबांना जाऊन किती वर्षं झाली! ताई म्हणाली, "दाखवते अण्णा." गुंडाळी तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि गाडीत मांडीवर धरून नेली.

संध्याकाळी अण्णांनी मला तिला फोन लावायला लावला. ती नुकतीच पोचली होती, मागं नातवंडांचा गोंधळ ऐकू येत होता.

"दाखवलं का गं?"

"दाखवलं."

"काय म्हणले इवाई?"

मला वाटलं, आता ती रडणार. ताईनं नातवंडांना गप्प केलं. मग म्हणाली, "म्हणले, इवायाचं बी हाय, तपासायचं कशाला?"

अण्णांनी फोन माझ्याकडं दिला. "भला माणूस हाय," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "नवरात्राला जाऊ त्यांच्या घरी. टोपी धुऊन ठेव."